माळ्यावरचे ताव

सातारा, २० सप्टेंबर

गाठ मारून झाली, सुतळीचं टोक कापलं, आणि मग लक्षात आलं की पत्र आत टाकायचं राहिलं. पुन्हा सोडली. तात्या बघत होते. म्हणाले, घरात सून आली तवापासनं सुतळीचा खर्च वाढला.

तर भावजी, पहिल्या खेपेचे हातकागदाचे दोनशे ताव एसटीच्या पार्सलने पाठवते आहे. फोनवर कळवून भागलं असतं, पण तात्यांचा नियम तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. ज्या खेपेचे ताव त्याच खेपेच्या तावावर पत्र, आणि तुमचं उत्तर त्याच खेपेच्या कापलेल्या तुकड्यावर. शाई फुटली का, घडीवर कागद मोडला का, हे त्यांना उत्तर हातात आल्यावरच कळतं. आत काय लिहिलंय ते मी वाचून दाखवायचं.

लगद्यासाठीच्या इचलकरंजीच्या चिंध्या यंदा उशिरा आल्या. त्या कुटणारा बीटर तीन दिवस चालला. पाऊस थांबत नाही, म्हणून ताव बाहेरच्या दोरीवर न घालता माळवदाखालच्या खोलीत वाळवले. रंगूबाई रोज येतात, ताव दोरीवर घालतात आणि जाताना काहीतरी बोलून जातात. परवा म्हणाल्या, तुमच्या घरात बोलायचं ते कागदावर आणि तोंडानं गप बसायचं, कसली माणसं म्हणायची.

तुमच्या दादांचा रविवारी फोन आला. दिवाळीला सुट्टी नाही. जानेवारीत मिळेल म्हणतात.

तात्यांची तब्येत चांगली आहे. सकाळी सात ते बारा लगद्याच्या हौदावर उभे असतात. जाळीचा साचा स्वतःच बुडवतात, ताव स्वतःच उचलतात. एखाददुसरा ताव जाड-बारीक वाटला तर बघून घ्या, पावसाळी हवा आहे.

कंदिलाचं काम सुरू झालं का, कळवा.

अंकिता


सांगली, २५ सप्टेंबर

वहिनी,

सा. न. गड्डी मंगळवारी मिळाली. एकही कोपरा दुमडलेला नव्हता.

पुण्याच्या दुकानाची यंदाची मागणी तीनशे कंदील, हजार शुभेच्छापत्रं आणि त्यांची पाकिटं. इथल्या विश्रामबागच्या आपल्या दुकानात विकायचं ते वेगळं. तीन बायका पट्ट्या कापायला बसवल्या आहेत. चिकटवायचं आम्ही नवराबायको बघतो. सृष्टी म्हणते, तीनशे कंदील लोकांच्या दारात जाणार आणि आपल्या गॅलरीत गेल्या वर्षीचा प्लास्टिकचाच लागणार, बघ तू. आणि ते खरं आहे.

तात्यांना सांगा, ताव उत्तम आहेत. शाई फुटत नाही हे या पत्रावरून त्यांना दिसेलच. घडी नीट बसते. पहिले चाळीस कंदील पुण्याला गेले, त्यांचा फोन आला, खूष आहेत.

तुमचा हात तसाच आहे म्हणावं.

धैर्यशील


सातारा, ३ ऑक्टोबर

भावजी,

'हात तसाच आहे' हे वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग तुमचं पत्र उलटंपालटं करून बघितलं, कोपरा अंगठ्यावर घासला आणि उशाखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी साडेसहालाच हौदावर.

म्हणून आता लिहिते. मागच्या पत्रात तब्येत चांगली आहे असं लिहिलं, ते खरं नव्हतं. आषाढापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. बशीत चहा ओतला की अर्धा माझ्या साडीवर, कारण बशी मी धरते. साचा पाण्यातून वर येताना एक हिसका द्यावा लागतो, त्याने लगदा सारखा पसरतो. तो हिसका त्यांचा हात आता आपणहून चार वेळा देतो. लगदा एका अंगाला जातो. त्यांना ते दिसतं. ते ताव कापडावर पालथा घालतात आणि दुसरा उचलतात.

इथले डॉक्टर म्हणाले, हात चालता ठेवा, एकदा थांबले की थांबले.

खंडेनवमीला साच्याची पूजा केली. दरवर्षी लाकडाच्या चौकटीवर पाच बोटं कुंकवाची ओढतात. यंदा कुंकू सगळीकडे सांडलं. रंगूबाई म्हणाल्या, असू द्या, देवाला मापानं द्यायचं नसतं. तात्या हसले. बऱ्याच दिवसांनी.

तुम्ही ताव उत्तम म्हणालात, त्याने माझ्या जिवात जीव आला. मिरजेच्या डॉक्टरांची वेळ सहा तारखेची होती. तुमचं पत्र आलं त्या दिवशीच मी फोन करून ती दिवाळीनंतरची करून घेतली. मिरजेला नेलं असतं तर पंधरा दिवस तिकडेच गेले असते, आणि तुमची खेप अडली असती. कागद पुण्याला पोचतोय एवढ्यावरच ते सध्या उभे आहेत. ते खरं असेपर्यंत त्यांना हौदावरून उठवायचं माझ्याच्याने होत नाही.

दुसरी खेप, दोनशे वीस ताव. सगळे त्यांच्याच हातचे.

अंकिता


सांगली, ७ ऑक्टोबर

वहिनी,

आज पुण्याला टेम्पो जायचा आहे, त्यामुळे घाईत, हाताला आला त्या तुकड्यावर लिहितो आहे.

तात्यांचं वाचून वाईट वाटलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण तुम्हाला खरं सांगतो, कागदावर काहीच कळत नाही. दुसरी खेपही पहिल्यासारखीच. दीडशे कंदील झाले. शुभेच्छापत्रं छापून आली, तीही याच तावांची.

तात्यांना दमवू नका. जमेल तेवढंच पाठवा.

धैर्यशील


सातारा, ९ ऑक्टोबर

भावजी,

तुमचं पत्र तात्यांनी नेहमीसारखं आधी स्वतः हातात घेतलं. कोपरा फाडला. आधी उभा, मग आडवा. आपला ताव कुठूनही फाडला तरी वेडावाकडाच फाटतो, कारण साच्यात धागे चारी बाजूंना पसरतात. तुमचा उभा फाटला तो सुतासारखा सरळ. यंत्रावरच्या कागदाचे धागे एकाच दिशेला असतात, हे मला त्यांनीच लग्नानंतर पहिल्या महिन्यात शिकवलं.

त्यांनी दोन्ही तुकडे बंडीच्या खिशात ठेवले आणि पत्र माझ्याकडे दिलं. म्हणाले, वाच.

मी सगळं वाचलं. 'कागदावर काहीच कळत नाही' हेही वाचलं.

आमचे ताव कुठे आहेत?

अंकिता


सांगली, ११ ऑक्टोबर

वहिनी,

माळ्यावर आहेत. दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी सुतळी आणि खोकी ठेवायचो तिथे. दोन्ही खेपांचे मिळून तीनशे नव्वद.

पहिल्या खेपेतल्या तीस तावांचे कंदील केले, ते पुण्याला गेले आणि आठ दिवसांत परत आले. खूष आहेत असं मी पंचवीसला लिहिलं तेव्हा कंदील नुकतेच गेले होते, फोन कुणाचाही आला नव्हता. दिवसा कंदील बरे दिसत होते. आत दिवा लावला की कागदातलं सगळं दिसतं. एका पाकळीवर काळा डाग, शेजारची इतकी बारीक की बल्ब डोळ्यात शिरतो. त्यांनी फोटो पाठवले. दुकानात रांगेने टांगलेले आपले कंदील, आणि खाली एकच ओळ, की असं आम्हाला गिऱ्हाइकापुढे लावता येणार नाही.

मी कोल्हापूरहून यंत्रावरचा कागद आणला. वरून हातकागदासारखा दिसतो, कडासुद्धा खोट्या फाडलेल्या असतात. तो सगळा एकसारखा आहे. पुण्यात कुणाला फरक कळला नाही. कळला असेल तर आवडला.

तुम्हाला तेव्हाच का सांगितलं नाही, याचं माझ्यापाशी एकच उत्तर आहे, आणि ते सबबीसारखं वाटेल. दर गड्डीत पन्नासएक ताव अगदी जुन्या हाताचे होते. डाग नाही, लाट नाही. मला वाटलं तात्यांना काहीतरी किरकोळ झालंय, हात मधूनमधून येतोय, आणि अजून आठ-दहा दिवसांत सगळेच ताव तसे येऊ लागतील. मग आजचं कुणाला सांगायलाच लागणार नाही. तुमचं तीन तारखेचं पत्र आलं तेव्हा तीनशे कंदिलांचा कागद कापून झाला होता. उत्तर लिहायला बसलो तेव्हा टेबलावर आपला एकही तुकडा नव्हता. उठून माळ्यावर चढायचा कंटाळा केला.

मी मिरजेची वेळ तुम्हाला पुढे ढकलायला लावली, हे आता कळतं.

हे पत्र आपल्याच तावावर आहे. फाडून बघा म्हणावं.

धैर्यशील


सातारा, १५ ऑक्टोबर

भावजी,

तात्यांनी फाडून बघितलं नाही. पत्र आलेलं दिसलं तरी हातही पुढे केला नाही. मी ते वाचून दाखवलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

मला वाटलं होतं ते हौदावर जाणार नाहीत. गेले. दहा तारखेला, अकराला, बाराला. रोज वीस-बावीस ताव. मी गड्डी बांधते, ते बघतात. रंगूबाईंनी विचारलं, आता सांगलीला किती जायचे राहिले. तात्या म्हणाले, शंभर. त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आम्ही दोघं मिळून त्या बाईपुढे शंभराचा हिशेब करतो.

जुन्या हाताचे जे ताव तुम्हाला दिसले, ते माझे. दुपारी जेवून ते आडवे झाले की मी साचा घ्यायचे. पाणी ढवळायचा आवाज होऊ नये म्हणून काठीला फडकं गुंडाळायचे. त्यांचे सगळ्यात वाईट ताव काढून लगद्यात परत टाकायचे आणि तेवढेच माझे घालायचे, म्हणजे आकडा जुळेल. मला वाटलं, तुम्हाला एकूण खेप बरी दिसेल. तुम्हाला ती बरी दिसली, आणि तुम्ही वाट बघत थांबलात. तुम्ही ताव उत्तम म्हणालात, आणि मी डॉक्टरांना थांबवलं. दोघांपैकी एकानेही गप्प बसायला नको होतं. आता यातलं कुणाचं किती, हे काढत बसण्यात अर्थ नाही.

काल जेवताना तात्या म्हणाले, "त्येला म्हनावं आमचं ताव धाडून दे. मला बघायचं हाईत."

मी म्हटलं, कुठले ताव.

त्यांनी ताटातली भाकरी मोडली. मोडायला वेळ लागला. मग म्हणाले, "हाईत त्ये."

तेव्हा पाठवा. आणि एक विचारते. पुढच्या दिवाळीला पुण्याच्या दुकानाला आपला कागद चालेल का? सगळे ताव एका हाताचे असले तर? कुणाच्या हाताचे ते त्यांना सांगायची गरज नाही. खोटं लिहू नका.

अंकिता


सांगली, १७ ऑक्टोबर

वहिनी,

बाळासोचा टेम्पो उद्या साताऱ्याला रिकामा येतोय, त्यात सगळे ताव चढवले आहेत. तो सरळ माणूस आहे, उतरवून देईल. मी येत नाही. दुकान सोडता येणार नाही हे कारण आहे, आणि ते खरंही आहे.

पुढच्या वर्षीचं विचारलंत. पुण्याच्या लोकांनी पुढच्या दिवाळीचे पाचशे कंदील आजच सांगितले, या कोल्हापूरच्या कागदाचे. आपल्या कागदाचं मी विचारलं. तुम्ही लिहायच्या आधीच विचारलं होतं. मालक म्हणाला, हाताचा कागद म्हटला की कुणी आजारी पडतं, कुणी म्हातारं होतं, पाऊस येतो. त्याने हे वाईट बुद्धीने म्हटलं नाही. विश्रामबागचं दुकान नुसत्या आपल्या तावांवर चालणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मी हो म्हणून बसलो आहे.

सृष्टी म्हणते, तात्यांना इकडे आणा. खालची खोली रिकामी करते, मिरज वीस मिनिटांवर आहे. ती मनापासून म्हणते आहे. तिथे हौद नाही, एवढं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, म्हणूनच.

बुधवारी पाडवा. फोन करीन. ते बोलतील का?

धैर्यशील


सातारा, २२ ऑक्टोबर, पाडवा

भावजी,

सकाळी तुमचा फोन आला तेव्हा ते शेजारीच बसले होते. मी फोन पुढे केला. त्यांनी हातानेच, नंतर, असं केलं. ती खूण होती की हात नुसता हलला, हे मला सांगता येत नाही. मी तुम्हाला, ते आंघोळीला गेलेत, असं सांगितलं.

ताव शनिवारी आले. बाळासोने पडवीत उतरवले, चहा घेतला, आणि जाताना तात्यांना म्हणाला, म्हातारबा, एवढा कागुद? काय पुरान लिवायचंय व्हय? तात्या म्हणाले, लिवून झालंया.

त्या दिवसापासून ते हौदावर गेले नाहीत. पडवीत पोत्यावर बसून एकेक ताव उचलून उजेडाकडे धरत होते. हात हलतो म्हणून ताव हलतो, म्हणून एकेक ताव बघायला फार वेळ. मी धरते म्हटलं, तर नको म्हणाले. शनिवार, रविवार, सोमवार. लक्ष्मीपूजनादिवशी सकाळीसुद्धा. बाहेर गल्लीत फटाके चालले होते आणि आमच्या पडवीत मोठा ढीग आणि लहान ढीग. रंगूबाई फराळाचं ताट घेऊन आल्या, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. ताट उंबऱ्यावर ठेवून गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत असं मी पहिल्यांदा बघितलं.

आज दुपारी त्यांनी मला हाक मारली. लहान ढिगात एकशे चार ताव होते. विचारलं, "ह्ये कुनाचं?"

मी म्हटलं, तुमचेच.

"पोरी, माज्या तावाची उजवी कड जाड येती. तरनाताठा हुतो तवापासनं येती. माजा गुरू त्यावरनं शिव्या द्यायचा. ह्यांस्नी न्हाई."

मी लहान ढिगाकडे बघितलं. एकशे चारपैकी एकाचीही कड जाड नव्हती. आकडा जुळावा म्हणून मी इतकी जपत होते, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "चांगलं उचलतीस. सांगितलं असतंस तर साचा तवाच तुज्या हातात दिला असता." आणि रागाने नाही, नुसतं विचारल्यासारखं, "आता कुनासाठनं दिऊ?"

तुमच्या पुढच्या वर्षीच्या पाचशे कंदिलांचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. मला वाटतं, सांगायची गरज उरलेली नाही.

मी म्हटलं, मोठा ढीग परत बीटरमध्ये घालू, त्याचे नवे करू, मी करीन. ते म्हणाले, एकदा कुटलेला धागा पुन्हा कुटला की त्याचं पीठ होतं. त्यात जोर राहत नाही. हे बोलून झाल्यावर त्यांनी लहान ढीग माझ्याकडे सरकवला. मी तो आत नेऊन ट्रंकेत ठेवला. मोठा अजून पडवीतच आहे.

मिरजेची वेळ पाच नोव्हेंबरची आहे. त्यांना नेताना तुम्ही सांगली स्टँडवर या. सृष्टीला सांगा, खोली रिकामी केली तरी चालेल. ते राहतील की नाही, मला माहीत नाही. माझं म्हणाल, तर तुमचे दादा जानेवारीत आल्यावर बघू. बघण्यासारखं काय असेल ते मला आता दिसत नाही.

हे पत्र ज्या तावावर लिहिलं आहे तो मोठ्या ढिगातला आहे. मधोमध शाई फुटली आहे, तिथली दोन अक्षरं नीट लागणार नाहीत.

अंकिता

२३ ऑक्टोबर, सकाळ. पत्र बंद करायचं राहिलं होतं म्हणून खाली लिहिते. आज भाऊबीज. तात्या सहाला उठले, हौदाशी गेले आणि तळाचं बूच काढलं. पाणी जायला तीन तास लागले. तळाचा लगदा मी पाटीने काढून बाहेर टाकला.